हद्द ओलांडलेले जंतू

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या डॉक्टरसाहेबांनी आयुष्याचा बहुतेक काळ तालुक्याच्या गावी काढला, आणि जेथे क्ष-किरणाचे यंत्रसुद्धा जिल्ह्याला गेल्यावाचून दृष्टीस पडत नसे तेथे पोटदुखीच्या असंख्य रोग्यांचे निदान त्यांनी केवळ नाडी, जीभ आणि आपल्या हाताची बोटे यांच्या साक्षीवर केले. तेव्हा त्यांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानासाठी उदरातील जंतुबाधा, तिची परीक्षा आणि तिचा उपचार हा विषय निवडण्यात मी औचित्यभंग केला आहे असे मला वाटत नाही. विषय रुक्ष आहे, आणि भोजनापूर्वी ऐकण्याजोगा तर मुळीच नाही. परंतु वेळ चालकांनी ठरविली आहे, त्यास माझा इलाज नाही.

रोगजंतू म्हटला की तो बाहेरून येणारा शत्रू, अशी आपली समजूत पटकीने आणि प्लेगने करून दिलेली आहे. तो पाण्यातून येतो, पिसवांतून येतो, आणि त्याला वाटेत अडविणे अथवा आत शिरल्यावर मारणे एवढेच वैद्याचे काम, असे त्या समजुतीतून ओघाने निघते. उदरातील बहुतेक जंतुबाधांचा मामला मात्र निराळा आहे. तेथे रोग करणारे जंतू हे आपलेच जुने रहिवासी असतात. जठरातील आम्लात दर मिलिलिटरमागे हजाराच्या आसपासच जंतू तग धरतात. पुढे लहान आतड्यातून जसजसे खाली यावे तसतशी वस्ती दाट होत जाते, आणि मोठ्या आतड्यात एका ग्रॅम मळात ती शंभर अब्जांपर्यंत पोचते. यांतील बहुसंख्य प्राणवायूवाचून जगणारे असतात, ज्या ई. कोलायचे नाव सर्वांच्या तोंडी आहे तो त्या गर्दीत हजारांत एखादाच. आतड्याच्या पोकळीत असेतो ही मंडळी निरुपद्रवी, किंबहुना उपयुक्त असते. पण आतड्याच्या भिंतीला छिद्र पडून ती पलीकडे, उदरावरणाच्या पोकळीत, उतरली की तीच प्राणघातक ठरते. म्हणून येथे कोणता जंतू हे विचारण्याआधी तो सुटला कोठून हे विचारावे लागते, आणि आजच्या माझ्या प्रतिपादनाचा सारा भार या क्रमावरच आहे.

उदरावरण हा एक तलम पडदा आहे. पण त्याच्या घड्या उलगडून क्षेत्रफळ मोजले तर ते जवळजवळ आपल्या साऱ्या त्वचेइतके भरते. त्यात चार-दोन चमचे स्निग्ध द्रव असतो आणि जंतू एकही नसतो. श्वासपटलाच्या खालच्या अंगास या पडद्यात अतिसूक्ष्म द्वारे आहेत, हे रेक्लिंगहाउझेन या जर्मन पंडिताने १८६३ साली दाखवून दिले. प्रत्येक श्वासाबरोबर पोकळीतला द्रव त्या द्वारांतून लसिकावाहिन्यांत आणि तेथून रक्तात ओढला जातो. पोट स्वच्छ ठेवण्याची ही उत्तम तजवीज. पण पोकळीत मळ सांडला की हीच वाट जंतूंना थोड्याच वेळात रक्तात पोचविते. दुसरा बंदोबस्त वपेचा. आतड्यांवर पसरलेला हा चरबीचा पदर सुजलेल्या जागेला जाऊन चिकटतो आणि तिला वेढून टाकतो. रदरफर्ड मॉरिसन या इंग्रज शल्यविशारदाने त्याला उदराचा पोलीस असे नाव दिले होते. वपेने आणि साकळलेल्या द्रवाच्या जाळ्यांनी वेढा पुरा केला तर एका जागी पुवाचा विद्रधी होतो. वेढा अपुरा राहिला तर सारे पोट पेटते.

या दोन परिणामांमागे जंतूंचे दोन निरनिराळे वर्ग आहेत, हे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत गॉर्बाक, बार्टलेट, ऑन्डरडाँक आदी संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी ठरले. आतड्यातील मळ भरलेली कुपी उंदराच्या पोटात ठेवली असता पहिल्या काही दिवसांत पुष्कळ उंदीर मरत, आणि त्यांच्या रक्तात ई. कोलाय सापडे, जे वाचत त्यांच्या पोटात आठवड्याभराने विद्रधी दिसत, आणि त्यांत प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंचा भरणा असे. ई. कोलायला मारणारे जेंटामायसिन दिले तर मरण टळे, विद्रधी टळत नसत. प्राणवायू न लागणाऱ्या जंतूंवरील क्लिंडामायसिनने विद्रधी कमी होत, पण मरणारे मरतच. दोन्ही दिली तेव्हाच दोन्ही संकटे टळली. पोटाच्या ऑपरेशननंतर रोग्याच्या उशाशी दोन निरनिराळ्या औषधांच्या बाटल्या का लटकतात, असे नातेवाईक पुष्कळदा विचारतात; त्याचे उत्तर त्या उंदरांनी दिलेले आहे. त्यांतील दुसरी बाटली बहुधा मेट्रोनिडॅझोलची असते, आणि तिची कथा गमतीची आहे. हे औषध निघाले स्त्रियांच्या एका निराळ्याच संसर्गासाठी. ते घेत असता एका रुग्णेच्या सडलेल्या हिरड्या आपोआप बऱ्या झाल्याची नोंद १९६२ साली झाली, आणि त्या धाग्यावरून प्राणवायू न लागणाऱ्या जंतूंवर ते रामबाण असल्याचा शोध लागला.

आता आंत्रपुच्छाकडे, म्हणजे आपण सर्रास ज्याला अपेंडिक्स म्हणतो त्याकडे वळतो. पोटाच्या उजव्या खालच्या भागात पू होऊन माणसे मरतात हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण दोष ते मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीला देत. त्या पू होण्याचे मूळ करंगळीहून बारीक अशा आंत्रपुच्छात आहे आणि ते फुटण्यापूर्वी पोट उघडावे, हे १८८६ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने सप्रमाण मांडले. तो स्वतः शल्यचिकित्सक नव्हता, हे विशेष. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या मॅकबर्नीने दुखण्याचा तो नेमका बिंदू दाखविला जो आजही प्रत्येक विद्यार्थी बोटाने चाचपतो. तरीसुद्धा इंग्लंडातील बडे शल्यचिकित्सक थांबण्याच्या मताचे होते, आणि त्यांत अग्रणी होता फ्रेडरिक ट्रीव्हझ. त्याची स्वतःची तरुण मुलगी १९०० साली याच विकाराने दगावली. दोन वर्षांनी त्याच्यासमोर जो रोगी आला तो इंग्लंडचा राजा होता.

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त २६ जून १९०२ हा ठरलेला. त्याच महिन्याच्या मध्यावर राजाच्या पोटात दुखू लागले. काही दिवस दुखणे हटले, पुन्हा उसळले, ताप चढला, उजव्या अंगास गाठ हाताला लागू लागली. राजा समारंभ तहकूब करावयास राजी नव्हता. वृद्ध शल्यविशारद लिस्टरचाही सल्ला घेण्यात आला, आणि २४ जून रोजी, सोहळ्याला दोन दिवस उरले असता, बकिंगहॅम राजवाड्यातच ट्रीव्हझने राजाचे पोट उघडले. त्याने काय केले हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्याने विद्रधी फोडला, पू काढला आणि तो वाहत राहावा म्हणून नळ्या ठेवल्या. आंत्रपुच्छ काढण्याच्या भरीस तो पडला नाही. पेटलेल्या जागेत चाचपडून वेढा मोडण्यापेक्षा ते तसेच राहू दिलेले बरे, असा त्याचा हिशेब होता. प्रतिजैविक नावाची वस्तू तेव्हा जगात नव्हती. राजाला तिचा एक थेंबही मिळाला नाही, आणि तरीही बरा होऊन ९ ऑगस्टला त्याला राज्याभिषेक झाला. पुढे आठ वर्षे जगला. पुवाला वाट दिली तर उरलेले काम शरीर करते, याचा इतका ठळक दाखला दुसरा नसेल.

पुवाला वाट देणे आणि फुटके बंद करणे ही कल्पना आपल्या भूमीतही परकी नव्हती. सुश्रुताने चिकित्सास्थानात, आतडे भेदून आतला मल पाझरतो अशा उदररोगात, बेंबीखाली डावीकडे छेद घ्यावा, आतडे बाहेर काढून तपासावे, आणि छिद्राचे काठ जुळवून त्यांवर काळे मुंगळे चावावयास लावून त्यांची धडे तोडावी व डोकी तेथेच राहू द्यावी, असे सांगितले आहे. भूल नसता आणि जंतूंचे ज्ञान नसता त्यांतले किती रोगी वाचले असतील याविषयी मी भाबडा अभिमान बाळगीत नाही. पण मूळ स्थान शोधून ते बुजविल्यावाचून इलाज नाही, हा विचार तेथे स्वच्छ आहे. युरोपात तो विचार पुरता रुजावयास १९२६ साल उजाडावे लागले, जेव्हा शल्यचिकित्सक किर्शनरने आकडेवारी मांडून, उदरावरणदाहातील मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या याच धोरणाने कसे उतरत गेले ते दाखविले.

निदानाची गोष्ट सांगताना मी पहिला मान यंत्रांना देणार नाही. रोग्याची कैफियत नीट ऐकली तर निम्मे काम होते. आंत्रपुच्छाचे दुखणे बहुधा बेंबीभोवती, बोट ठेवून दाखविता येणार नाही असे, सुरू होते. मग मळमळ, एखादी उलटी, अन्नाचा कंटाळा. आणि काही तासांनी दुखणे सरकून उजवीकडे खाली येऊन बसते. आरंभी दाह आंत्रपुच्छाच्या आतच असतो, व तेथल्या मज्जातंतूंना जागेचे भान नसते. दाह बाहेरच्या उदरावरणाला भिडला की तो पडदा नेमकी जागा सांगतो. त्यानंतर हाताची परीक्षा. हात गरम असावा, रोग्याचे गुडघे वाकवून घ्यावेत, दुखऱ्या जागेपासून सर्वांत दूर आरंभ करावा, आणि नजर पोटावर न ठेवता रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवावी. कारण लहान मूल तोंडाने नाही नाही म्हणत असते तेव्हाही त्याच्या भुवया खरे सांगतात. खोकल्याने दुखते काय, एका पायावर उडी मारता येते काय, हे विचारावे. इंग्लंडातील काही डॉक्टरांनी २०१२ साली रस्त्यावरच्या गतिरोधकांचीच कसोटी केली: ज्यांचे आंत्रपुच्छ खरोखर सुजलेले निघाले अशा चौतीस रोग्यांपैकी तेहतिसांना रुग्णालयात येताना गतिरोधकावर कळ आली होती. आपल्या एसटीच्या रस्त्यांवर ही कसोटी निरोगी माणसालाही उतरू देणार नाही, हा भाग वेगळा.

जठर अथवा आतडे फुटले तर पोट लाकडी फळीगत कडक होते आणि रोगी हालचाल न करता पडून राहतो. मूतखड्याचा रोगी तळमळतो, हा निश्चल असतो. उभ्याने काढलेल्या छातीच्या क्ष-किरणचित्रात श्वासपटलाखाली हवेची काळी कोर दिसली की शंका उरत नाही. सोनोग्राफी आणि सी.टी. स्कॅन यांनी आमच्या पिढीचे काम फार सोपे केले, यात वाद नाही. वाद आहे तो रोगी न पाहता रिपोर्ट वाचण्याच्या सवयीशी. म्हातारपण, मधुमेह, स्टेरॉइडची औषधे, यांपैकी काही असता पोट मऊ राहून आत सर्वनाश चाललेला असू शकतो, आणि तेथे यंत्रच आपला डोळा होते. तरुण स्त्रीच्या बाबतीत गर्भनलिकेतील गर्भ फुटला नाही ना, हे विचारण्यात संकोच करणे हा कसूर आहे.

झॅकरी कोपने १९२१ साली तीव्र उदराच्या निदानावर जे पुस्तक लिहिले ते पुढे कित्येक पिढ्यांनी पाठ केले, आणि निदान ठरेपर्यंत अफूजन्य वेदनाशामक देऊ नये ही त्या काळची शिकवण वेदवाक्य मानली गेली. पुढे रीतसर तुलना करून पाहिले तेव्हा वेदना शमविल्याने निदान चुकत नाही असे आढळले. कित्येक दशके माणसे विनाकारण कण्हत पडली. शास्त्राच्या नावाने केलेला हा छळ होता, असे म्हणावयास मी कचरत नाही. याउलट ज्या उपायाविरुद्ध खरोखर फर्मान काढावयास हवे तो आमच्या घरोघर चालू आहे. पोटात वायगोळा उठला म्हणावे, बेंबीत हिंग घालावा, ओवा चाववावा; येथवर कोणाचे बिघडत नाही. पण पोट साफ झाले की बरे वाटेल म्हणून पाजलेला एरंडेलाचा जुलाब सुजलेल्या आंत्रपुच्छाला फोडावयास पुरेसा होतो.

मुदतीच्या तापाचे, म्हणजे टायफॉइडचे, पोट निराळे. येथे जंतू बाहेरचाच, दूषित पाण्यातून आलेला. पण तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील लसिकाग्रंथींत बसतो, त्या सडवितो, आणि तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतडे फुटते. तापाने ग्लानीत असलेल्या रोग्याच्या पोटाकडे कोणी पाहत नाही, आणि म्हणून हे फुटणे बेमालूम होते. निदानासाठी विडालची परीक्षा १८९६ पासून चालत आली. तिच्या एका चिठ्ठीवर आजही आपल्याकडे हजारो लोक टायफॉइडचे रोगी ठरतात, जो त्यांना नसतो. पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविकाचा पहिला डोस जाण्यापूर्वी, घेतलेले रक्ताचे कल्चर हाच भरवशाचा पुरावा. उपचाराचा इतिहास मात्र हताश करणारा आहे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि मरण मागे हटले. १९७२ च्या सुमारास मेक्सिकोत आणि आपल्या केरळात जंतू त्याला दाद देईनासे झाले. मग सिप्रोफ्लॉक्सासिनचाही प्रभाव गेला. २०१६ मध्ये सिंधमधील हैदराबादेत सेफ्ट्रायॅक्सोनही निष्प्रभ करणारी साथ उठली. आपल्या हैदराबादेत तयार झालेली लस २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना देण्याची मोहीम काढली, ती गोष्ट मला या साऱ्या औषधांहून मोलाची वाटते.

उपचाराचा सांगाडा थोडक्यात असा. रोगी खचलेला असेल तर सलाईन आणि प्रतिजैविक ताबडतोब, शक्य तर पहिल्या तासाच्या आत, कल्चरसाठी रक्त घेऊन. आणि मग विलंब न लावता मूळ स्थानाचा बंदोबस्त. जठराचे छिद्र वपेचा तुकडा बसवून शिवावे, कुजलेले आतडे काढावे, विद्रधी असेल तर सोनोग्राफीच्या नजरेखाली सुई व नळी घालून रिकामा करावा, पित्तनलिका तुंबून थंडी, कावीळ आणि दुखणे अशी त्रयी जमली असेल तर दुर्बिणीतून तिची वाट मोकळी करावी. पोट उघडल्यावर आढळते ते हिरवट पाणी, आतड्यांवर चिकटलेले पिवळे पापुद्रे आणि प्राणवायू न लागणाऱ्या जंतूंची उग्र दुर्गंधी. ते सारे टिपून, कोमट सलाईनने धुऊन, पुवाचा नमुना प्रयोगशाळेला धाडावयाचा. हे नीट झाले असेल तर औषध किती दिवस? आमच्या काळी दहा-चौदा दिवसांखाली कोणी उतरत नसे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका तुलनेत ५१८ रोग्यांपैकी काहींना सुमारे चार दिवस, इतरांना ताप उतरल्यावरही दोन दिवस, म्हणजे सुमारे आठ दिवस औषध दिले. दोन्हीकडे उपद्रव झाले ते पाचांत एकाला, फरक नाही. जेथे मूळ बुजले तेथे जास्तीच्या दिवसांचा लाभ रोग्याला होत नाही. होतो तो मोठ्या आतड्यात शांत बसलेल्या जंतूंना, जे त्या काळात औषध पचवावयास शिकतात. दिल्लीचे नाव लागलेला, कार्बापेनेम वर्गाची अखेरची औषधे निकामी करणारा एन.डी.एम. हा घटक २००९ साली नोंदला गेला तेव्हा नावावरून रुसवेफुगवे पुष्कळ झाले. औषधाच्या उधळपट्टीवर तितकी चर्चा झाली असती तर बरे झाले असते.

आता अपवादांना न्याय दिला पाहिजे. यकृत निबर होऊन जलोदर झालेल्या रोग्याच्या त्या पाण्यात, कोठे काही फुटले नसताही, जंतू शिरतात. दुखणे कधी असते, कधी नुसती सुस्ती असते. पोटात सुई घालून पाणी तपासावे. दर घनमिलिमीटरला अडीचशेहून अधिक न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी असल्या की कल्चरची वाट न पाहता औषध सुरू करावे, आणि येथे सुरी लावू नये. दुसरा अपवाद आपल्या देशातला फार जुना: पोटाचा क्षय. महिनोन् महिने बारीक ताप, वजनात घट, कणकेच्या गोळ्यासारखे लागणारे पोट, कधी पाणी, कधी आतड्याला आवळ पडून गुडगुड करीत येणारी कळ. क्षयाचा जंतू पाण्यात क्वचित सापडतो, त्यामुळे अनेक पुराव्यांची जुळणी करावी लागते, आणि क्रोन नावाचा आतड्याचा विकार हुबेहूब याचेच सोंग घेतो. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रोगी बरे होतात. आवळ सुटत नसेल तरच शस्त्र.

सुरीवाचून आंत्रपुच्छाचा उपचार होतो काय, हा प्रश्न हल्ली रोगी स्वतःच विचारतात. फिनलंडमध्ये ज्यांचे आंत्रपुच्छ सुजलेले पण फुटलेले नाही असे सी.टी.ने ठरले त्या ५३० जणांत शस्त्रक्रिया आणि औषध यांची तुलना करून पाहिली. औषधावर ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांना वर्षाच्या आत, आणि ३९ टक्क्यांना पाच वर्षांत, शस्त्रक्रिया करावी लागली. ज्याला ही जोखीम पत्करावयाची आहे, आणि जो पुन्हा कळ आल्यास तासाभरात रुग्णालय गाठू शकतो, त्याला ही मुभा द्यावी. ज्याच्या गावाला दिवसातून दोनदा एसटी येते त्याला मी ती देणार नाही.

राहता राहिली गावातल्या डॉक्टरांनी पुढे पाठविताना द्यावयाची चिठ्ठी. तिच्यात बहुधा 'पोटदुखी, पुढील उपचारार्थ' एवढेच असते. त्याऐवजी दुखणे कोणत्या वाराला किती वाजता, कोठे सुरू झाले आणि आता कोठे आहे. नाडी व ताप. शेवटची लघवी केव्हा झाली. कोणते इंजेक्शन, किती मात्रेत, किती वाजता दिले. जुलाब दिला होता काय. आणि रोगी केव्हापासून उपाशी आहे, एवढे लिहिले असले तर रुग्णालयात उतरणाऱ्या रोग्याचा एक तास वाचतो. ही सहा उत्तरे लिहावयास पोस्टकार्डाची एक बाजू पुरते.